पार्श्वसंगीताची यादी, २०२४: नेहमी येणारे प्रश्न

दरवर्षी आवडलेल्या पार्श्वसंगीताची एक यादी मी करते आणि ओळखीपाळखीच्या लोकांना पाठवते. ती पुढे फिरत जाते आणि मग प्रश्न येतात, बरेचसे तेच ते. त्यांची उत्तरं एकदाची इथे लिहून टाकते. यादीतले सिनेमे उत्तरांमध्येच येतील, वेगळा तक्ता केलेला नाही. क्रमांकही दिलेले नाहीत, कारण पहिला कोण यावरून भांडायला मला वेळ नाही.

२०२४ची यादी एवढ्या उशिरा का?

डिसेंबरात यादी केली की डिसेंबरातले सिनेमे वर चढून बसतात आणि फेब्रुवारीत काय पाहिलं होतं ते कुणालाच आठवत नाही. शिवाय बाहेरचे कितीतरी सिनेमे आपल्या थेटरांत उशिरा लागतात. ‘द ब्रूटलिस्ट’ २०२४चा, पण मुंबईत पाहायला मिळाला २०२५च्या फेब्रुवारीत. गाजावाजा विरल्यावर पुन्हा ऐकायचं आणि तेव्हाही कान टवकारले तर यादीत घ्यायचं, अशी माझी साधी पद्धत आहे. यात बरेच मोठमोठे गळतात.

यादीत गाणी का नाहीत? संगीत म्हणजे गाणीच ना?

आपल्याकडे ‘या सिनेमाचं संगीत मस्त आहे’ असं कुणी म्हणालं की त्याचा अर्थ गाणी मस्त आहेत, असाच असतो. गाण्यांना रेडिओ आहे, वरात आहे, गणपतीचा मंडप आहे, रिल्स आहेत. पार्श्वसंगीताला यातलं काही नाही. ते दृश्याखालून वाहतं, दोन वाक्यांमधल्या फटीत येऊन जातं आणि थेटरबाहेर पडल्यावर तुम्हाला ‘काय सीन होता!’ एवढंच आठवतं. त्या सीनमधला निम्मा वाटा संगीताचा होता, हे ध्यानात येत नाही. म्हणून ही यादी फक्त त्याच्यासाठी राखून ठेवली आहे.

पण गाणी आणि पार्श्वसंगीत एकच माणूस करतो ना? पोस्टरवर तर एकच नाव असतं.

दुर्लक्षाचं मूळ इथेच आहे. हिंदीत तर बहुतेक वेळा ही दोन वेगळी माणसं असतात. ‘सत्या’ (१९९८) घ्या. आपल्या मुंबईचा सिनेमा, पावसाचा, चाळींचा, गल्लीबोळांचा. गाणी विशाल भारद्वाजची, तीच लोकांना पाठ. पण सिनेमाभर जी बेचैनी पसरलेली आहे ती संदीप चौटाच्या पार्श्वसंगीताची. त्याला त्याबद्दल फिल्मफेअर मिळालं, तरी दहा जणांना विचारलंत तर नऊ जण भारद्वाजचंच नाव सांगतील.

मुळात पार्श्वसंगीताचं फिल्मफेअरच १९९८पासून आहे; पहिलं विजू शाहला ‘गुप्त’साठी मिळालं. राष्ट्रीय पुरस्कारांत गाणी आणि पार्श्वसंगीत हे दोन वेगळे पुरस्कार नियमित झाले ते २००९च्या सिनेमांपासून. तेव्हा पार्श्वसंगीताचा मान इळैयराजांना ‘पळशीराजा’साठी मिळाला. म्हणजे या कामाला स्वतंत्र नाव देण्याची सवय आपल्याला लागली तीच परवा-परवा.

तेव्हा पुढच्या वेळी श्रेयनामावलीत ‘पार्श्वसंगीत’ ही ओळ शोधा. थेटरात दिवे लागतात, मागचे उठून तुमच्या पायांवरून जातात. घरी ओटीटीवर तर नावं सुरू होताच चौकट कोपऱ्यात आक्रसून पुढच्या सिनेमाची जाहिरात येते. तिथे ‘श्रेयनामावली पाहा’ असं काहीतरी बारीक अक्षरांत असतं. ते दाबायचं.

तुमच्या यादीत मुंबईचा सिनेमा कोणता?

‘ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट’. पायल कपाडियाचा हा सिनेमा २०२४मध्ये कान महोत्सवातून ग्राँ प्री हा पुरस्कार घेऊन आला, तेव्हा पेपरांत सगळं छापून आलं, फक्त संगीताबद्दल फारसं काही नाही. पार्श्वसंगीत धृतिमान दास ऊर्फ तोपशेचं आहे. पण मुद्दाम सांगायचंय ते त्यातल्या पियानोबद्दल. तो एमाहोय त्सेगे-मरियम गेब्रू या इथिओपियाच्या जोगिणीचा. तिचा जन्म १९२३चा. लहानपणी स्वित्झर्लंडमध्ये शिकली, पुढे ख्रिस्ती जोगीण झाली, आयुष्याचा मोठा काळ जेरुसलेमच्या मठात काढला आणि २०२३च्या मार्चमध्ये वारली. तिने ही वादनं ध्वनिमुद्रित केली तेव्हा या सिनेमाचा विचारही कुणाच्या मनात नव्हता.

आता ऐकायचं काय? तिची लय सरळ चालत नाही. दोन सूर भरभर पुढे जातात, तिसरा थबकतो, मग एक छोटी गिरकी येते आणि पुन्हा पहिल्यापासून. सिनेमातलं प्रेमी जोडपं, अनू आणि शियाझ, या शहरात एकमेकांच्या जवळ बसायला चार हात जागा शोधत हिंडतात, तेव्हा हा पियानो येतो. मुंबईत प्रेम केलेल्या कुणालाही ती चाल ओळखीची वाटेल: पुढे व्हायचं, कुणी बघतंय का ते पाहायचं, पुन्हा पुढे व्हायचं. पाऊस, लोकल, दादरचा बाजार, मल्याळम-हिंदी-मराठीची सरमिसळ, आणि त्यावर आफ्रिकेतल्या एका जोगिणीचा पियानो. कागदावर हे विचित्र दिसतं. पडद्यावर मात्र आजवर या शहराला ढोल, व्हायोलिनं आणि कर्णे लावणाऱ्यांना शहर नीट ऐकूच आलं नव्हतं की काय, असं वाटायला लागतं.

म्हणजे ते संगीत सिनेमासाठी केलेलंच नाही. मग यादीत कसं?

रास्त प्रश्न. ऑस्करवाल्यांना तर हा प्रश्न दरवर्षी पडतो. त्यांच्या नियमाप्रमाणे सिनेमातल्या एकूण संगीतापैकी किमान ३५ टक्के नवं, त्या सिनेमासाठीच केलेलं लागतं. आधीच्या सिनेमाचा पुढचा भाग असेल तर ८० टक्के. ‘ड्यून’चा दुसरा भाग यातच अडकला. हान्स झिमरने पहिल्या भागातल्या धुना पुढे नेल्या आणि त्यापायी संगीत स्पर्धेतूनच बाद झालं. आता त्याच वाळवंटाची, त्याच माणसांची गोष्ट पुढे चालू असताना धुना बदलायच्या तरी कशाला?

माझा नियम असा: संगीत कुठूनही आणा, दृश्याला ते आपलं वाटलं पाहिजे. निवड हेही काम आहे, आणि अवघड काम आहे. उसनी रेकॉर्ड लावून मोकळे होणारे भरपूर असतात. ती लावल्यावर ऐकणाऱ्याला दुसरं काही सुचूच नये, इथवर फार थोडे पोचतात.

याची दुसरी बाजू ‘मंजुम्मेल बॉइज’मध्ये दिसते. शेवटाकडे ‘गुणा’ (१९९१) सिनेमातलं इळैयराजांचं गाणं येतं आणि थेटरातले लोक रडतात. सगळी चर्चा त्या गाण्याची झाली. पण कोडाईकनालच्या गुहेत पोरगा पडल्यापासून गाणं येईपर्यंत जीव टांगणीला लावून ठेवतो तो पार्श्वसंगीतकार सुशीन श्याम. त्याने आधी एवढा अंधार करून ठेवला नसता, तर जुन्या गाण्याचा उजेड पडला नसता. २०२४चं माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित काम हेच, आणि तेही वर्षातल्या एका गाजलेल्या सिनेमात.

यादीतले बाकीचे पटकन सांगाल का?

‘भ्रमयुगम’, ख्रिस्टो झेवियर. कृष्णधवल, पडका वाडा, मामुट्टी. संगीत कुठे संपलं आणि पाऊस कुठे सुरू झाला, कळत नाही. ‘किल’, केतन सोढा. सगळा मामला धावत्या गाडीत. सिनेमाचं नाव पडद्यावर जवळजवळ अर्ध्यावर उमटतं आणि तिथून संगीत सूडावर उतरतं. ‘चॅलेंजर्स’, ट्रेंट रेझ्नर आणि अ‍ॅटिकस रॉस. दोन माणसं नुसती बोलत असतात आणि मागे नाइट क्लबसारखं टेक्नो धडधडतं, इतकं की संवाद बुडतात. अत्यंत उद्धट संगीत, मला फार आवडलं. गोल्डन ग्लोब मिळालं, ऑस्करचं साधं नामांकनही नाही. ‘द ब्रूटलिस्ट’, डॅनियल ब्लूमबर्ग. याला ऑस्कर मिळालं, तेव्हा दुर्लक्षित म्हणता येणार नाही, पण साडेतीन तासांचा सिनेमा मधल्या सुट्टीसकट पाहायचा तर पहिल्या दहा मिनिटांतले ते ब्रासचे सूर ऐकायला वेळेवर जाऊन बसा. वेफर्स नंतर घ्या.

पुन्हा प्रदर्शित झालेले सिनेमे धरता का?

धरते, आणि २०२४ त्या बाबतीत भाग्याचं वर्ष होतं. सप्टेंबरात ‘तुंबाड’ परत आला आणि पहिल्या खेपेला ज्याच्याकडे लोक फिरकले नव्हते त्याला आता रांगा लागल्या. त्याचं शीर्षकगीत अजय-अतुलचं, पण पार्श्वसंगीत येस्पर कीड या डॅनिश माणसाचं. त्याची ओळख व्हिडिओ गेमच्या संगीताची, ‘हिटमॅन’, ‘असॅसिन्स क्रीड’ वगैरे. कोकणातला पाऊस, वाडा, आजीची कोठी आणि हस्तर नावाचा दैत्य, या सगळ्याला डेन्मार्कच्या माणसाचं संगीत. तक्रारीला जागा ठेवलेली नाही त्याने.

त्याआधी जूनमध्ये ‘मंथन’ (१९७६) आला, कान महोत्सवात दाखवून. पाच लाख शेतकऱ्यांनी दोन-दोन रुपये घालून केलेला सिनेमा, मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनने स्वच्छ करून घेतलेला. प्रीती सागरचं ‘मेरो गाम काठा पारे’ सगळ्यांना माहीत. संगीतकार कोण, असं विचारा बरं.

कोण?

वनराज भाटिया. या माणसाबद्दल थोडं सविस्तर लिहिते.

जन्म मुंबईचा, १९२७चा. लंडनच्या रॉयल अकादमीत शिकले, मग पॅरिसला नादिया बूलाँजेंकडे. जगातले मोठमोठे संगीतकार या बाईंच्या हाताखालून गेले. तिथून मुंबईला परत येऊन त्यांनी काय केलं, तर जाहिराती. हजारो जिंगल्स, लिरिलची ‘ला ला ला’ त्यातलीच. ती गुणगुणणाऱ्या पिढीला ती कुणाची हे ठाऊक नव्हतं. १९७४मध्ये श्याम बेनेगलांनी ‘अंकुर’ दिला आणि पुढे ‘भूमिका’, ‘कलयुग’, ‘३६ चौरंगी लेन’, ‘जाने भी दो यारो’, दूरदर्शनचं ‘भारत एक खोज’ अशी रांग लागली. ‘तमस’साठी राष्ट्रीय पुरस्कार, २०१२मध्ये पद्मश्री. २०२१च्या मेमध्ये गेले.

‘भारत एक खोज’च्या सुरुवातीला ऋग्वेदातलं नासदीय सूक्त येतं ते ऐका. ‘सृष्टि से पहले सत नहीं था’. रविवारी सकाळी टीव्हीपुढे बसलेल्या आख्ख्या घरांना समूहगानाने गप्प करणारा दुसरा कुणी मला आठवत नाही. आणि हाच माणूस मसाला हिंदी सिनेमांचं पार्श्वसंगीतही करायचा, गाणी दुसऱ्या कुणाची असताना. तिथे त्याचं नाव वाचायची तसदी आपण घेतली नाही.

जुन्या काळी मुंबईत हे सगळं वाजवायचं कोण?

पुष्कळसे गोव्याचे. पोर्तुगीज अमलात तिथल्या चर्चच्या शाळांमधून पाश्चात्त्य स्वरलिपी शिकवली जायची. ती वाचता येणारी पोरं व्हायोलिन, ट्रम्पेट, चेलो घेऊन मुंबईला यायची, धोबीतलावाच्या आसपास आपल्या गावाच्या कुडात, म्हणजे गावकऱ्यांनी चालवलेल्या वसतिगृहात, उतरायची, संध्याकाळी हॉटेलांत बँड आणि दिवसा स्टुडिओत रेकॉर्डिंग. संगीतकार चाल पेटीवर म्हणून दाखवायचा. पन्नास वादकांनी काय वाजवायचं ते कागदावर उतरवायचा तो अरेंजर. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस हे त्यातले मोठे. हो, तोच अँथनी गोन्साल्विस. प्यारेलालांचे व्हायोलिनचे गुरू होते ते, म्हणून १९७७च्या त्या गाण्यात ते नाव आलं. गाणं आख्ख्या देशाला पाठ, आणि असा खराखुरा माणूस होता, तो गोव्याच्या माजोर्ड्याचा होता, हे सांगितलं तर लोक चकित होतात.

पार्श्वसंगीताच्या वेळी समोर पडद्यावर रीळ फिरवायचे आणि त्याकडे बघत वाद्यवृंद वाजवायचा. एखादा दरवाजा धाडकन उघडतो तिथे झांज पडायची असेल आणि ती अर्धा सेकंद उशिरा पडली, की सगळं पहिल्यापासून. ताडदेवचं फिल्म सेंटर, महालक्ष्मीचं फेमस, वांद्र्याचं मेहबूब, ही त्या कामाची ठिकाणं. आणि शेवटी संवाद, आवाज आणि संगीत एकत्र बसवायला परळचं राजकमल, जिथले मंगेश देसाई ध्वनिमिश्रणातले उस्ताद. वादकांची नावं श्रेयनामावलीत नसायचीच. नव्वदच्या दशकात कीबोर्ड आणि सॅम्पलर आले आणि त्या खोल्या रिकाम्या होत गेल्या. आता खरीखुरी व्हायोलिनं हवी असली की निर्माते चेन्नईला किंवा थेट बुडापेस्टला फोन लावतात.

बिनगाण्यांचे हिंदी सिनेमे सुचवा. त्यात तरी पार्श्वसंगीतच ऐकावं लागेल.

ही युक्ती उत्तम आहे. ‘कानून’ (१९६०) आणि ‘इत्तेफाक’ (१९६९), दोन्हींचं संगीत सलील चौधरींचं. ‘भूत’ (२००३), सलीम-सुलेमान; रात्री एकटीने पाहू नये असं म्हणतात, मी दुपारी पाहिला. आणि ‘अचानक’ (१९७३). गुलजारांच्या या सिनेमाचं पार्श्वसंगीत वसंत देसाईंचं आहे. ‘श्यामची आई’चे, ‘घनश्याम सुंदरा’चे वसंत देसाई. सावंतवाडीकडचा हा माणूस गाणी काढून घेतल्यावर काय करतो, ते ऐकण्यासारखं आहे.

शांततेला पण पार्श्वसंगीत म्हणायचं का?

म्हणायचं. संगीत कुठे थांबवायचं, हा निर्णय संगीताचाच भाग आहे. ‘सैराट’ (२०१६) आठवा. अजय-अतुल लॉस एंजेलिसला जाऊन सोनीच्या स्टेजवर पूर्ण वाद्यवृंद घेऊन रेकॉर्डिंग करून आले. ती व्हायोलिनं अडीच तास आपल्याला उचलून नेतात. आणि शेवटी ते पोर रक्तात भिजलेली पावलं टाकत उंबऱ्याबाहेर येतं, तेव्हा काहीही नाही. रडण्याचा आवाजसुद्धा नाही. आधी एवढं भरभरून दिलं नसतं, तर ते ‘नाही’ इतकं बोचलं नसतं.

‘कोर्ट’ (२०१४) दुसऱ्या टोकाला. संभाजी भगतांची गाणी आहेत, पण ती मंचावर, माणसांपुढे गायलेली. खटला चालतो तो पंख्याच्या आणि कागदांच्या आवाजात. २०२५चा ‘साबर बोंडं’ तर पार्श्वसंगीताशिवायच आहे. तो पुढच्या यादीत कसा बसवायचा, यावर माझा अजून विचार चालू आहे.

मराठीत दुर्लक्षित काय राहिलं?

खूप. ‘फँड्री’चं (२०१३) नाव काढलं की लोक ‘तुझ्या पिरतीचा हा विंचू मला चावला’ म्हणायला लागतात. ते गाणं सिनेमात नाहीच, ते प्रसिद्धीसाठी केलेलं. सिनेमाचं पार्श्वसंगीत आलोकनंदा दासगुप्ताचं. तिने पुढे ‘ट्रॅप्ड’, ‘सेक्रेड गेम्स’, ‘ज्युबिली’ केलं. ‘ट्रॅप्ड’ पाहाच: प्रभादेवीच्या रिकाम्या टॉवरमध्ये अडकलेला एकटा माणूस, खाली आख्खं शहर, आणि कुणाला त्याची हाक ऐकू जात नाही. ‘किल्ला’चं नरेन चंदावरकर आणि बेनेडिक्ट टेलर यांचं काम असंच, कोकणच्या पावसात विरघळलेलं. आनंद मोडकांचं ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’. भास्कर चंदावरकरांचं ‘सामना’ आणि ‘श्वास’. मराठी संगीताच्या कौतुकाचे कार्यक्रम दर शनिवारी कुठल्या ना कुठल्या नाट्यगृहात असतात. त्यात यांचा एक तुकडा वाजलेला मी ऐकलेला नाही. दोन अंकी निवेदनात ‘आता ऐकूया तो प्रसंग’ म्हणून पार्श्वसंगीत वाजवलं तर काय बिघडेल?

ऐकायचं कुठे? अल्बम मिळत नाहीत.

खरं आहे. गाणी आठवडाभर आधी येतात, पार्श्वसंगीत बहुतेकदा कधीच येत नाही. ‘चॅलेंजर्स’, ‘द ब्रूटलिस्ट’चे अल्बम आहेत, एमाहोयच्या रेकॉर्ड्स आहेत. बाकीच्यांसाठी सिनेमाच पुन्हा पाहावा लागतो.

लोकलमध्ये इयरफोनवर चालेल?

‘चॅलेंजर्स’ चालेल. एमाहोय नाही; विरार फास्टमध्ये तिचे अर्धे सूर रुळांवर पडतील.

संगीतकाराला नंतर पैसे मिळतात का?

कॉपीराइट कायद्याच्या २०१२च्या दुरुस्तीनंतर संगीतकाराचा रॉयल्टीचा हक्क पक्का झाला. थेटरात सिनेमा चालतो त्यावर नाही, पण तोच सिनेमा टीव्हीवर किंवा ओटीटीवर गेला की त्यातल्या संगीतावर मिळायला हवी. त्यासाठी कोणता तुकडा किती सेकंद वाजला याची नोंद, म्हणजे क्यू शीट, नीट भरलेली लागते. गाण्यांची भरली जाते. पार्श्वसंगीताच्या वेळी आळस होतो.

मला संगीतातलं काही कळत नाही. सुरुवात कशी करू?

राग ओळखता आला नाही तरी चालेल. ‘शोले’ लावा. संध्याकाळ झाली आहे, ठाकूरच्या हवेलीच्या वरच्या सज्जात राधा एकेक दिवा मालवत चालली आहे, आणि खाली पायरीवर जय माउथ ऑर्गन वाजवतोय. दोघं एक शब्द बोलत नाहीत. आधी आवाज बंद करून पाहा: एक बाई दिवे विझवते आहे, एक माणूस बसला आहे, बस्स. मग आवाज लावून पाहा. माउथ ऑर्गन वाजवलाय भानू गुप्तांनी, पंचमच्या वाद्यवृंदातल्या गिटारवाल्यांनी. धून संपते कधी आणि दिवा विझतो कधी, यातलं अंतर ऐका. असं कुठल्याही आवडत्या दृश्याचं करता येतं.

पुढच्या यादीसाठी नाव सुचवू का?

जरूर. सिनेमाचं नाव, पार्श्वसंगीतकाराचं नाव (गाण्यांच्या संगीतकाराचं नको) आणि कुठल्या दृश्यात काय ऐकलं ते दोन ओळींत लिहा. ‘बीजीएम (बॅकग्राउंड म्युझिक) एक नंबर’ एवढंच लिहिलंत तर मी तोच सिनेमा परत लावून बसते आणि रात्री दोन वाजेपर्यंत काय एक नंबर होतं ते शोधत राहते. ट्रेलरचं संगीत सुचवू नका. ते बहुतेकदा तिसऱ्याच कुणीतरी केलेलं असतं.